मोठा साप आणि दुसरा माणूस

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अजगर गळ्यात घालून उभ्या राहिलेल्या हौशी माणसांची छायाचित्रे वरचेवर छापून येतात, आणि ती पाहून असा साप आणायचे मनावर घेणारेही निघतात. त्यांच्या शंका बहुतेक सापाबद्दल असतात. चावतो का, काय खातो, माणसाला ओळखतो का. मोठे साप सांभाळणारे आम्ही काही जण त्यांना उलट एकच प्रश्न विचारतो: तुमच्याबरोबर दुसरे कोण? घरात राहणारे, धडधाकट, सापाला न घाबरणारे आणि पुढची वीस वर्षे सोबत असण्याची शक्यता असलेले दुसरे प्रौढ माणूस सांगता येत नसेल, तर बाकीची चर्चा तिथेच थांबवावी, असे आमचे मत आहे. ते का, हे जरा सविस्तर लिहितो.

बर्मी अजगराचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा जेमतेम दीड-दोन फुटांचे असते. हाताच्या ओंजळीत वेटोळे घालून बसते. खाणे नीट मिळाले तर दोन-तीन वर्षांत ते आठ-दहा फुटांचे होते. पूर्ण वाढलेली मादी साधारण १२ ते १६ फूट लांब आणि ३० ते ६० किलो वजनाची असते, काही त्याच्याही पुढे जातात. नर बराच लहान राहतो. जाळीदार अजगर हा जगातला सर्वांत लांब साप. त्याची मादी १५ फूट सहज ओलांडते. हिरवा ॲनाकोंडा लांबीत त्याच्या मागे असला तरी वजनात सगळ्यांच्या पुढे. बोआ कन्स्ट्रिक्टर त्या मानाने आटोपशीर, बहुधा सहा ते नऊ फूट. हे सगळे साप नीट सांभाळले तर वीस वर्षे किंवा त्याहून अधिक जगतात. 'साप काय, चार-पाच वर्षे राहील' असे समजणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली, तेव्हा तिचे वय बासष्टच्या पुढे असल्याचा तिथल्या लोकांचा अंदाज होता. बॉल पायथन तर चार-पाच फुटांपलीकडे क्वचितच जातो. म्हणजे ही लहान जातीची गोष्ट.

इथे दोन गैरसमज हटकून पुढे येतात. पेटी लहान ठेवली की साप लहान राहतो, हा पहिला. तो लहान राहत नाही. कोंबलेल्या पेटीत वाढतो, रात्रभर काचेवर तोंड घासतो आणि नाकपुडीजवळची खवले सोलवटून घेतो. कमी खायला घातले की आकार आटोक्यात राहतो, हा दुसरा आणि अधिक घातक. वाढ थोडी मंदावेल, पण पेटीत कायम भुकेलेला साप असेल, आणि भुकेलेला साप दार उघडताच समोरच्या हालचालीवर झेप घेतो. आकार मर्यादित हवा असेल तर लहान जातीचा साप निवडावा. निदान नर घ्यावा, आणि तो नर आहे हे विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता जाणकाराकडून तपासून घ्यावे.

आता दुसऱ्या माणसाकडे येऊ. अजगर विषारी नाही, म्हणून तो निर्धोक आहे असे मानले जाते. त्याचे हत्यार म्हणजे त्याचा विळखा. विळख्याने भक्ष्याचा श्वास कोंडतो, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. बोआ आणि उंदीर यांच्यावर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वेगळेच दिसले: विळखा बसल्यावर काही सेकंदांत उंदराचा रक्तदाब कोसळतो आणि मेंदूकडे जाणारे रक्त थांबते. माणूस उंदराहून मोठा, हे खरे. पण गळ्याभोवती वेटोळे बसले तर 'ओरडून कोणाला तरी बोलावू' हा हिशेब चुकीचा आहे, एवढे यातून कळते. म्हणून सापाची लांबी आठ फुटांच्या आसपास गेली की खोलीत दोन प्रौढ असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. त्यापुढे साप उचलायचा तर दर चार-पाच फुटांमागे एक माणूस, हा ढोबळ हिशेब. बारा फुटांच्या सापाला तीन माणसे म्हणजे नखरा नव्हे. दुसरा माणूस फोनवर 'अर्ध्या तासात पोचतो' म्हणणारा चालत नाही. तो हात पोचेल इतक्या अंतरावर उभा हवा. आणि छायाचित्रासाठी असो वा कौतुकासाठी, साप गळ्यात घालायचा नाही. त्याला पडण्याची भीती वाटली की तो पकड घट्ट करतो. त्यात राग नसतो, पण गळ्याला त्याने काही फरक पडत नाही.

विळखा बसलाच तर शेपटीकडून सोडवत यायचे. शेपटीकडे ताकद सर्वांत कमी असते. मधल्या वेटोळ्याशी झटापट केली तर ते आणखी आवळते. एकाने डोके धरायचे, दुसऱ्याने शेपटीचे टोक पकडून उलट्या दिशेने एकेक वेढा उलगडत न्यायचा. तोंडाने पकडले असेल तर हात हिसकायचा नाही. अजगराच्या वरच्या जबड्यात दातांच्या चार रांगा आणि खाली दोन असतात, सगळे सुईसारखे आणि आत वळलेले. हिसका दिला की मांस फाटते आणि दात तुटून जखमेत राहतात. डोके आधी किंचित पुढे, म्हणजे आपल्याच हाताकडे ढकलून दात मोकळे करायचे आणि मग उचलायचे. हाताला लावायच्या अल्कोहोल सॅनिटायझरचे काही थेंब सापाच्या तोंडात गेले, किंवा तोंडावर थंड पाणी ओतले, तर बहुतेक साप सोडून देतात. ती बाटली पेटीजवळ ठरलेल्या जागी हवी. हे सगळे रक्ताळलेल्या हाताने एकट्याला जमेल का, याचा ज्याने त्याने शांतपणे विचार करावा.

खरे तर बहुतेक चावे राग आल्यामुळे होत नाहीत, चुकीच्या ओळखीतून होतात. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या बारीक खाचा असतात. नजर बेताची असली तरी उबदार वस्तू त्याला अंधारातही कळते, आणि वासाचे काम जीभ करते. उंदीर-सशाचा वास लागलेला उबदार हात पेटीत गेला, तर त्याच्या लेखी तो ससाच. म्हणून रोजची शिस्त अशी: साप हाताळण्याआधी हात साबणाने धुवायचे, घरात ससा, मांजर किंवा दुसरा केसाळ प्राणी असेल तर कपडेसुद्धा बदलायचे. दार उघडल्यावर आधी लांब हुकाने सापाच्या अंगाला, मानेच्या मागे, हलकेच स्पर्श करायचा. हा त्याला दिलेला निरोप असतो: आज खाणे नाही. आणि मग थांबायचे. मान इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडलेली, डोके हुकाच्या रोखाने वळलेले, जीभ थांबलेली असेल तर दार लावून घ्यावे. मान सैल पडून जीभ पुन्हा संथपणे आत-बाहेर होऊ लागली, की दुसऱ्या माणसाने शरीराच्या मध्यभागी दोन्ही हात घालून उचलायला सुरुवात करायची. हुकाचा स्पर्श प्रत्येक वेळी हवा. चार दिवस केला, पाचव्या दिवशी विसरला, तर सापाच्या दृष्टीने त्याला अर्थ उरत नाही.

खाणे घालण्याचा दिवस नवख्याला सोपा वाटतो आणि अपघात त्याच दिवशी जास्त होतात. मोठ्या सापाला गोठवून ठेवलेले, मेलेले भक्ष्यच द्यावे. जिवंत उंदीर किंवा ससा सापाला कुरतडतो. पाठीवर खोल जखमा झालेले साप पशुवैद्यांकडे येतात ते बहुधा याच कारणाने. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी किंवा किंचित कमी असावी. तीस किलोच्या प्रौढ अजगराला दीड-दोन किलोचा एक ससा तीन आठवड्यांतून एकदा पुरतो. लोक इथेच हात सैल सोडतात, कारण साप दिले तेवढे खातो. पिंजऱ्यातले मोठे साप उपासमारीपेक्षा लठ्ठपणाने आणि यकृतात चरबी साठल्याने अधिक मरतात. पाठीचा कणा धारेसारखा वर दिसला तर साप रोडावलेला. अंग वळवताना कातडीला चरबीच्या वळ्या पडल्या तर अती झाले. दर महिन्याला वजन करून वहीत लिहावे. पंधरा फुटांचा साप वजनकाट्यावर ठेवायला किती माणसे लागतात, हे इथे परत सांगत नाही.

दोन किलोचा ससा शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात वितळायला एक पूर्ण दिवस, कधी दीड दिवस लागतो. मायक्रोवेव्हमध्ये घालू नये. तो बाहेरून शिजतो, आत बर्फ राहतो आणि पोट फुटू शकते. वितळल्यावर घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवावा. मग पोट दाबून पाहावे: बोटाला आत कडक, गार गोळा लागला तर अजून वेळ आहे. डोक्याकडचा भाग थोडा अधिक उबदार ठेवला तर साप बरोबर तोंडाकडून पकडतो. ससा कोरडा करून निदान दोन-अडीच फुटांच्या चिमट्याने द्यायचा आणि चिमटा धरणाऱ्याचा दुसरा हात पाठीमागे ठेवायचा. दाराची कडी दुसऱ्या माणसाच्या हातात. सापाने पकडले की दार बंद, आणि पुढचे दोन-तीन दिवस, मोठे भक्ष्य असेल तर आठवडाभर, सापाला हात नाही. पेटीत खायला दिले तर साप पेटीत आक्रमक होतो म्हणून वेगळ्या टबात काढून खायला घालण्याची पद्धत काही ठिकाणी सांगतात. लहान सापाला ती निरुपद्रवी असेल. दहा फुटांच्या, भक्ष्याचा वास डोक्यात भिनलेल्या अजगराला जेवणानंतर उचलून परत पेटीत ठेवायला सांगणाऱ्याने ते आधी स्वतः करून दाखवावे.

खाल्ल्यानंतर हात का लावायचा नाही, यामागचे शरीरशास्त्र विलक्षण आहे. मोठे भक्ष्य गिळल्यावर अजगराचा चयापचय कित्येक पटींनी वाढतो; बर्मी अजगराच्या हृदयाचा स्नायू ४८ तासांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे २००५ साली दाखवले गेले. हे सगळे बाहेरच्या उष्णतेवर चालते. पेटी थंड पडली तर पचन मंदावते, भक्ष्य पोटातच कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो. ओकल्यावर लगेच दुसरे खायला घालणे ही नेहमीची चूक. अन्ननलिका आम्लाने भाजलेली असते. किमान दोन आठवडे फक्त पाणी द्यावे, तापमान तपासावे, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचे भक्ष्य द्यावे. पुन्हा ओकला तर पशुवैद्य.

याउलट, साप काही आठवडे खात नाही म्हणून घाबरण्याचे कारण नसते. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले की बहुतेक साप तोंड फिरवतात. विणीच्या हंगामात नर महिनोन्‌महिने उपाशी राहतात. वजन टिकून असेल तर राहू द्यावे.

पेटीबद्दल. बारा फुटांच्या अजगराला आठ फूट लांब, चार फूट रुंद, दोन-अडीच फूट उंच पेटी ही आमच्या मते तळाची मर्यादा. साप पूर्ण ताणून पडू शकेल इतकी जागा देता आली तर उत्तमच. याचा अर्थ घरातली जवळजवळ एक खोली. माशांसाठीची काचेची टाकी आणि वरून जाळीचे झाकण हा प्रकार मोठ्या सापाला चालत नाही. दमटपणा वरून उडून जातो, ऊब टिकत नाही आणि झाकण साप नाकाने उचलतो. जाड पीव्हीसी बोर्डाची किंवा आतून जलरोधक लेप दिलेल्या प्लायवूडची, पुढून सरकत्या काचांची पेटी घ्यावी. काचांना किल्लीचे कुलूप हवेच. अजगर रात्रभर एकाच कडेला नाकाने रेटत राहतो आणि अर्धा इंच सरकलेली काच त्याला पुरते. डोके गेले की अंग जाते. वायुवीजनाची भोके बारीक आणि पक्क्या जाळीची असावीत. ज्या खोलीत पेटी आहे त्या खोलीच्या दारालाही वेगळे कुलूप हवे, दाराखालची फट बुजवलेली हवी.

हे अती वाटेल त्यांच्यासाठी दोन नोंदी. २००९ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात घरातल्या बर्मी अजगराने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. साप साडेआठ फुटांचा होता, महिनाभर उपाशी होता, आणि टाकीवर झाकणाच्या जागी गोधडी बांधलेली होती. २०१३ साली कॅनडाच्या न्यू ब्रुन्सविक प्रांतातल्या कॅम्पबेल्टन गावी आफ्रिकी रॉक पायथन पेटीतून निघून हवेच्या नळीत शिरला आणि झोपलेल्या दोन लहान भावांवर पडला, दोघेही गेले. दोन्हीकडे चूक कुलपाची आणि झाकणाची. साप सापासारखाच वागला. लहान मूल असलेल्या घरात मोठा साप नको, असे आम्ही सरळ सांगतो, आणि त्याला आणखी एक कारण आहे. सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असतानाही विष्ठेतून साल्मोनेला जंतू टाकतात. पाच वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना त्याचा आजार गंभीर होऊ शकतो. सापाची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुवायची नाहीत, आणि गोठवलेल्या सशांचा फ्रीझर वेगळा ठेवायचा. या मुद्द्यावर घरातले कोणी नाक मुरडत असेल तर त्यांचे म्हणणे ऐकावे.

तापमानाचे आकडे बर्मी अजगर आणि बोआ यांना साधारण सारखेच: पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५ ते २७, रात्रीही २४ च्या खाली नाही. दमटपणा साठ-सत्तर टक्के. ऊब वर बसवलेल्या रेडिएंट पॅनेलने, म्हणजे उष्णता खाली फेकणाऱ्या सपाट विजेच्या पाटीने द्यावी. बल्ब वापरलाच तर त्याला जाळीचे कवच हवे, कारण साप त्याला वेटोळे घालतो. विजेवर तापणारे नकली दगड तर पेटीत नकोतच. सापाला पोट भाजत असल्याचे वेळेत कळत नाही आणि तो तिथेच पडून राहतो; नंतर पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग आणि फोड दिसतात. प्रत्येक हिटरला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हिटर आपोआप बंद-चालू करणारे उपकरण, हवा. शिवाय त्यावर दुसरा, दोन-तीन अंश वर लावलेला थर्मोस्टॅट बसवावा. पहिला बिघडतो तेव्हा बऱ्याचदा 'चालू' स्थितीतच अडकतो, आणि सापाला थंडीपेक्षा उष्णता लवकर मारते. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे तारेचे टोक, सैल लोंबकळत ठेवू नये. साप तो हलवतो, प्रोब थंड कोपऱ्यात जाऊन पडतो आणि हिटर वेड्यासारखा तापत राहतो. वीज गेली तर रिकाम्या पोटाचा निरोगी साप काही तास तग धरतो, नुकताच खाल्लेला मात्र ओकतो. म्हणून वीज बेभरवशाची असेल तिथे पर्यायी सोय आधी, साप नंतर.

पाण्याचे लोक विसरतात. मोठ्या अजगराला अंग बुडवता येईल असा टब लागतो, त्यात सहज पन्नास लिटर पाणी मावते. म्हणजे पन्नास किलो. ते दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते, आणि सापाला पाण्यातच विष्ठा करण्याची खोड असते, तेव्हा ताबडतोब. त्यासाठी आधी साप बाहेर काढायचा, कुलूप असलेल्या दुसऱ्या पेटीत ठेवायचा, टब उपसायचा, जंतुनाशकाने धुवायचा, खळखळून पुन्हा धुवायचा, भरायचा, साप परत. निचऱ्याची नळी आणि तोटी पेटी बांधतानाच बसवली तर पाठदुखी वाचते. तळाला अंथरायला सर्वांत सोयीचे काय, तर जुनी वर्तमानपत्रे! (संपादक महोदय, राग मानू नये.) डाग लगेच दिसतो आणि कागद बदलता येतो. देवदाराचा भुसा मात्र टाळावा, त्यातली उग्र तेले सापाच्या श्वासाला बाधतात. अंथरूण ओलसर राहिले तर पोटाची खवले कुजू लागतात. दमटपणा हवेत हवा, तळाशी ओल नको, हे नवख्याच्या लवकर ध्यानात येत नाही.

आजार ओळखण्यापुरते थोडे. उघड्या तोंडाने श्वास, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज ही छातीच्या संसर्गाची खूण. टबातल्या पाण्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके तरंगत असतील तर ते माइट, म्हणजे सापाच्या अंगावर राहणारे बारीक परजीवी. रक्त पितात आणि संसर्ग पसरवतात. डोके मागे टाकून वर बघत राहणे, उलटे झाल्यावर सरळ होता न येणे, ही बोआ आणि अजगरांमधल्या इन्क्लूजन बॉडी डिसीज या विषाणूजन्य रोगाची लक्षणे असू शकतात. त्याला उपचार नाही. म्हणून नवा साप आधीच्या सापांपासून निदान ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या हुक-चिमट्यासह ठेवावा. साप आणण्याआधी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठून त्याला सरळ विचारावे: चाळीस किलोचा अजगर तुमच्याकडे आणला तर तपासाल का? कुत्र्या-मांजरांचे अनेक चांगले डॉक्टर नाही म्हणतील, आणि ते प्रामाणिकपणाचेच असेल. होकार मिळाला तर पुढचा प्रश्न: एवढा साप तिथपर्यंत कोण कोण उचलून नेणार?

कायद्याचे उत्तर जागोजागी वेगळे आहे, पण प्रश्न तेच. त्या ठिकाणी ही जात बाळगायला परवानगी आहे का, नोंदणी लागते का, देशी साप पकडून ठेवणे गुन्हा आहे का. अजगर, बोआ आणि ॲनाकोंडा या कुळांतले सगळे साप वन्यजीव व्यापाराच्या साइट्स करारात येतात. सीमेपलीकडून आलेल्या सापाची कागदपत्रे तशी असली पाहिजेत. कागद 'नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून साप घेऊ नये. रानातून पकडलेला साप बहुधा परजीवी घेऊन येतो आणि भेदरलेलाही असतो.

नकोसा झालेला मोठा साप कोणी घेत नाही, हे तर आधीच माहीत असावे. प्राणिसंग्रहालयांकडे जागा नसते. मग काही जण रात्री तो रानात सोडून मोकळे होतात. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स पाणथळीत सुटलेल्या आणि सोडलेल्या बर्मी अजगरांची प्रजा वाढत गेली. अजगर जिथे सर्वांत आधीपासून आहेत तिथे रकून आणि बॉबकॅट हे तिथले रानटी सस्तन प्राणी अनुक्रमे ९९ आणि ८७ टक्क्यांनी कमी दिसू लागल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेने बर्मी अजगराच्या आयातीवर बंदी घातली. म्हणून साप आणतानाच, आपण आजारी पडलो किंवा परगावी गेलो तर तो कोणाकडे जाईल, त्या व्यक्तीची लेखी संमती घेऊन ठेवावी. पिल्लू घेण्यापेक्षा कोणी सोडून दिलेला प्रौढ साप रीतसर ताब्यात घेणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते. त्याचा अंतिम आकार आणि स्वभाव डोळ्यांसमोर असतो, आणि त्याला ओंजळीतल्या पिल्लाचे गोंडसपण नसल्यामुळे निर्णयही थंड डोक्याने होतो.

एवढे वाचूनही इच्छा टिकली असेल त्यांना एक तालीम सुचवतो. पेटी पूर्ण बांधा, हिटर, दोन्ही थर्मोस्टॅट, टब, कुलपे सगळे बसवा आणि ती साठ दिवस रिकामी चालवा. रोज सकाळी आणि रात्री दोन्ही टोकांचे तापमान आणि दमटपणा वहीत लिहा. दर तिसऱ्या दिवशी पन्नास लिटरचा टब उपसून, धुऊन भरा. तीन आठवड्यांनी एकदा तीस किलोचे पोते दोघांनी मिळून पेटीतून काढून दुसऱ्या खोलीत न्या आणि परत आणा; पोते हलत नाही, तेवढी सूट. मधले आठ दिवस तुम्ही घरी नाही असे समजा आणि वहीला हात लावू नका. साठाव्या दिवशी वही उघडून पाहा, त्या आठ दिवसांच्या नोंदी दुसऱ्याच्या अक्षरात आहेत की पाने कोरी आहेत.

कळावे,

आपले,
मोठे साप सांभाळणारे काही वाचक